लालासाबांचा गिरनार

लालासाब मुल्ला कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये बावीस वर्षं शिपाई होते, पण स्वतःला ते शिपाई समजत नसत. प्रिन्सिपॉल चार बदलले, काचसामानाच्या कपाटाची किल्ली मात्र लालासाबांच्या कमरपट्ट्यावरून हलली नाही. त्यांनी धुतलेल्या चंबूत बघून भांग पाडावा, असं मुलं म्हणत. काहीजण पाडतही.

चौऱ्याहत्तर साली मुरगूडचे मगदूम सर पुण्याहून शिकून लेक्चरर म्हणून आले आणि बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला ग्रिन्यारचा प्रयोग करून दाखवायचं त्यांनी मनावर घेतलं. लालासाबांच्या तोंडात त्याचा पहिल्याच दिवशी 'गिरनार' झाला. चंबूत मॅग्नेशियमचे तुकडे, त्यावर इथर, मग थेंबथेंब ब्रोमोबेंझीन. जमलं तर खाली आग न लावता इथर आपोआप उकळतं. अट एकच.

"पाण्याचा अंशसुद्धा नको, लालासाब. ह्या रिअॅक्शनला पाण्याचं वावडं आहे."

"आनि ह्या नळीतनं फिरतंय ते?" लालासाबांनी चंबूवर वाफ थंड करायला लावलेल्या कंडेन्सरकडं बोट केलं.

"ते बाहेरनं फिरतं. आत नको."

"मोठी सोवळ्याची बाई दिसतीया."

पहिल्या सोमवारी बाईंनी डोळे उघडले नाहीत. सरांनी आयोडीनचा खडा टाकला, तळहातानं चंबू शेकला, इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. मॅग्नेशियम तळाशी गप्प. दुसऱ्या सोमवारी तेच. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, पैलवान नुसती सलामी देत्यात, झोंबंनात!"

सरांनी आधी इथरला दोष दिला, मग ब्रोमोबेंझीनच्या बाटलीला, मग पन्हाळ्यावरून उतरणाऱ्या दमट हवेला. एवढं सगळं संपल्यावर उरली ती काच.

"लालासाब, पुढच्या सोमवारी शेवटचं. नाही झालं, तर काचसामान फिजिक्सच्या ज्ञानूकडे द्यायचं. किल्लीसकट."

ज्ञानू! एक परीक्षानळी खाली ठेवताना शेजारच्या दोन फोडणारा आणि उरलेल्या न धुताच ठेवणारा माणूस! लालासाबांना घास गोड लागेना. काच त्यांनी दोन्ही वेळा शनिवारी धुतली होती, दोन दिवस ओव्हनमध्ये भाजली होती. आणखी काय करायचं? तिला हजला पाठवायचं?

सोमवारी सकाळी ते कॉलेजच्या फाटकाशी केरबाच्या गाड्यावर चहाला थांबले. केरबानं ग्लास पुढं केला.

"विसळ आधी."

"आत्ताच धुतलाय की, लालाभाई. फडक्यानं पुसलाय सुदिक."

"मग वला का न्हाय? वला असल्याबिगर धुतल्याला कळायचा कसा?"

बोलले आणि लालासाबांचं तोंड उघडंच राहिलं.

ओव्हनमधून चंबू काढला, की दोन दिवस पडून राहिलेलं भांडं सरांपुढं तसंच कसं ठेवायचं, म्हणून ते नळाखाली धरून एक विसळ मारत. एक हिसका देऊन पाणी झटकत, बाहेरून पुसत आणि टेबलावर ठेवत. सर तेव्हा फळ्याकडे तोंड करून समीकरणं लिहीत असत. पाणी नको हे लालासाबांना पक्कं ठाऊक होतं. पण विसळ म्हणजे काय पाणी? ती तर रीत.

"आरं, च्या घे की!" केरबा ओरडला. लालासाब कधीच फाटकातून आत गेले होते.

त्या दिवशी ओव्हनपासून टेबलापर्यंतचं अंतर त्यांना जोतिबाच्या डोंगराएवढं वाटलं. वाटेत नळ आला. उजवा हात आपोआप तिकडं वळला. लालासाबांनी चंबू छातीशी धरला आणि मान फिरवून पुढं गेले.

सरांनी सगळं जुळवलं. मिनिट गेलं, दोन गेली. लालासाबांची मूठ किल्लीवर आवळत गेली. आयोडीनचा तपकिरी रंग विरला, इथर गढूळलं, एका तुकड्यावरून एक बुडबुडा सुटला. मग दहा. मग सगळा चंबू रटरटायला लागला आणि वर्गानं मैदानातली कुस्ती निकाली निघाल्यासारखी आरोळी ठोकली.

"लालासाब! यावेळी काय केलंत?"

"कायच न्हाय, सर."

"अहो, काहीतरी केलंच असेल!"

"खरं सांगतो. ह्या वक्ताला कायच केलं न्हाय."

सरांना तो विनय वाटला. त्यांनी मुलांसमोर लालासाबांची पाठ थोपटली. लालासाबांना ती थाप दिवसभर टोचली असती, पण तासाभरानं सरांनीच बर्फ आणि पातळ ॲसिड मागितलं.

"बर्फ? ह्यात? म्हंजी पानीच की!"

"आता पाणी लागतंच. त्याशिवाय पदार्थ सुटा होत नाही."

लालासाब सरांकडे बघतच राहिले. "म्हंजी शेवटाला घालायचंच हुतं! मग आमी जरा आधी घातलं, एवढंच."

"आधी म्हणजे?"

मग लालासाबांनी नळ, विसळ, हिसका, सगळं सांगून टाकलं. सर स्टुलावर बसले.

"दोन आठवडे मी इथरला शिव्या घातल्या, लालासाब."

"व्हय. ऐकत हुतो की मी."

लालासाबांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. सरांनी ती एकवार उलटीपालटी करून पाहिली.

"तुम्हाला धुवू नका म्हणून सांगता येईल. ज्ञानूला धू म्हणून कोण सांगणार?" त्यांनी किल्ली परत सरकवली. "उचला ती. आणि बर्फ आणा, पाणी व्हायच्या आत."