मनोहररावांच्या गाडीची मागची बॅटरी

आमच्या प्रताप नगरात कोणालेही विचारा, मनोहरराव कसा माणूस आहे? पहिले म्हणतीन, सज्जन. मंग इकडं-तिकडं पाहतीन अन् म्हणतीन, पण भल्ला संशयी. त्यांच्या अन् माह्या अंगणात कंबरेएवढी एक भिंत आहे, म्हणून मले जरा जास्तच माहीत. विश्वास पानिपतात गेला म्हणतात ना, तो बहुतेक याच घरून निघाला होता.

दूधवाला आला की हे आधी बोटावर थेंब घेऊन पाहत. भाजीवालीच्या काट्याखाली हात घालून पाहत. सरकारी खात्यात क्लर्क होते, तिथं म्हणे यांचा पेन टेबलाले दोऱ्यानं बांधलेला राहे. वाईट माणूस नव्हे, सांगून ठेवते. माह्या मालकांच्या आजारपणात दवाखान्यात बसून राहिले, चहासुद्धा मागितला नाही. पण डबेवाल्यानं दिलेल्या डब्याचा वास मात्र घेतला.

हॉटेलात तर हा माणूस कधी राहिलाच नाही. "वच्छलाबाई, त्या गादीवर कोण झोपून गेलं, कोणाले माहीत? आरशामागं कॅमेरा नसंल कशावरून?" झालं! रिटायर झाल्यावर एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली अन् तिचं घर बनवून घेतलं. आत पलंग, गॅस, हात धुवायले बेसिन, पंखा, दिवे, बारकासा फ्रीज. स्वतःची गादी, स्वतःचा आरसा. जिजाबाईले म्हणे, आता तुले साऱ्या देशात फिरवतो.

जिजाबाई म्हणजे त्यांची बायको, माही मैत्रीण. बिचारी खुश झाली. पण फिरवतो कुठं? घर रिकामं सोडायचं म्हटलं की यांचा जीव टांगणीले. एकदा रामटेकले गेले अन् दिवस मावळायच्या आत माघारी आले, फाटकाचं कुलूप नीट लागलं का नाही हे आठवेना म्हणून. मंग घराले राखण पाहिजे म्हणून वरची खोली भाड्यानं दिली. सुमंत अन् मधुवंती, नवंच लग्न झालेलं जोडपं, तिकडं पिंपरीकडचं. आम्ही म्हटलं, चला, आता तरी निघतीन. तं म्हणे, यांच्या भरवशावर घर सोडू? म्हणजे भाडेकरू घराच्या राखणीले अन् हे भाडेकरूंच्या राखणीले! घ्या.

तर गाडी आपली फाटकापाशी, कडुनिंबाच्या सावलीत उभीच. अन् उभ्या गाडीचं दुखणं असं, की तिच्यात दोन बॅटऱ्या. एक समोरची, इंजिन सुरू करायची. दुसरी मागची, घराची. पंखा, दिवे, फ्रीज सारं तिच्यावर. गाडी पळाली तर ती आपोआप भरते, उभी राहिली तर भरायचं कसं? टपावर सोलरची पाटी आहे, पण सावलीत ती काय कामाची. मी म्हटलं, भाऊजी, उन्हात लावा ना गाडी. "रंग उडते. अन् येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यात भरते." मंग वरांड्यातून वायर ओढून दिवसभर चार्जर लावत, अन् दुपारची झोप सोडली तर स्वतः बाजूले खुर्ची टाकून बसत. संध्याकाळी फिरायले जायच्या आधी वायर गुंडाळून घरात. काहून? तं म्हणे, रात्री कोणी आकडा टाकला म्हणजे?

असं सारं असूनही यंदाच्या उन्हाळ्यात ती मागची बॅटरी रोज सकाळी मेलेली. दिवसा भरायची, अन् रात्रीतून कोणी पिऊन टाकल्यासारखी रिकामी. बटण दाबलं की पंखा नुसता कण्हे. मनोहररावांनी धरमपेठेतून मेकॅनिक आणला. त्यानं मीटर लावून पाहिलं. म्हणे, "काका, बॅटरी चांगली आहे. रात्री काहीतरी करंट खाऊन राहिलं." मी भिंतीवर धुणं टाकत होती, माह्या कानानं ऐकलं. तो 'काहीतरी' म्हणाला. पण मनोहररावांनी ऐकलं 'कोणीतरी'.

झालं, सुरू. अन् नजर गेली कुठं? सुमंतच्या इलेक्ट्रिक स्कूटरवर. ती गाडीच्या बाजूलेच उभी राहे. मनोहरराव भिंतीशी आले अन् हळू आवाजात मले म्हणे, "पाहा, वच्छलाबाई. माही बॅटरी रोज उतरते, अन् त्याची स्कूटर रोज भरलेली. आता तुम्हीच समजा."

मी म्हटलं, "काय बोलून राहिले तुम्ही? तो पोरगा आपली बॅटरी काढून वर नेते, त्याच्या मीटरवर लावते. मी रोज पाहते."

"दाखवायले नेते," ते म्हणे.

आता अशा माणसाच्या डोक्यावर काय हाणावं, सांगा!

मले काळजी लागली ती जिजाबाईची. तिचे गुडघे गेलेले, बाहेर जाणं नाही. पोरगी वैभवी हैदराबादले. तिचा फोन आला की मनोहरराव बाजूले उभे, काय बोलून राहिल्या म्हणून. वर्षानुवर्षं असं राहून जिजाबाईचं बोलणंच आटलं होतं. अन् ही मधुवंती आली. घरूनच कॉम्प्युटरवर काम करे, दुपारी खाली उतरे, "काकू, चहा टाकू?" दोघी बसत, सांडगे काय करत, एकमेकींच्या नकला काय करत. जिजाबाई मोठ्यानं हसते हे मले इतक्या वर्षांत पहिल्यांदा भिंतीपल्याडून कळलं. एकदा मले म्हणे, "वच्छला, ही पोरगी आहे म्हणून दिवस सरते वं माहा. नाही तं मी या घरात मुकी मरीन." तिलेच घालवायले निघाला होता हा माणूस.

आता जिजाबाईची एक गोष्ट सांगते. तिच्या बापाचं गावात किराणा दुकान. दुकानदाराच्या घरात 'बंद' म्हणत नाहीत, अपशकुन होते. दुकान बंद नाही करायचं, वाढवायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. ते तिच्या जिभेवर असं बसलं की टीव्ही वाढव, नळ वाढव, गॅस वाढव. आम्हाले साऱ्यांना सवय. मनोहररावांना तर ऐकूही येत नसंल, इतकी सवय.

घरातला फ्रीज लहान, त्यात आमरसाचं पातेलं मावे ना. म्हणून मनोहरराव दुपारी झोपले की जिजाबाई मधुवंतीले चोरून चावी देऊन गाडीत पाठवे, पातेलं ठेवायले. संध्याकाळी ते फिरायले गेले की काढून आणायले. अन् रोज मागून आवाज देई, "येता येता फ्रीज वाढवून ये वं!"

इकडं मनोहररावांनी गाडीच्या पायरीवर कणिक भुरभुरून ठेवली. मुंग्या झाल्या, ते सोडा. पण दुसऱ्या दिवशी कणकेत चपलेचा ठसा. बारका, बाईमाणसाचा. मंग काय विचारता! सुमंत ऑफिसातून आला नाही आला, त्याले अन् मधुवंतीले अंगणात उभं केलं. मीही गेली. बोलावलं नव्हतं, तरी गेली.

"माह्या गाडीत कोण जाते?"

मधुवंती खाली पाहायले लागली. तशी जिजाबाई खांबाले धरून पायरीवर आली. "मीच पाठवत होती तिले. आमरस ठेवायले. तिले काही म्हणू नका."

"अन् फ्रीजचं काय करत होत्या?"

"संध्याकाळी पातेलं काढलं की फ्रीज रोज वाढवते ती. हो ना वं, मधू?"

"हो काका," पोरगी डोळे पुसत म्हणे. "देवाशप्पथ. एक दिवससुद्धा चुकले नाही, रोज वाढवते मी."

अन् मनोहररावांनी मान हलवली. "म्हणजे फ्रीजनं नाही खाल्लं. मंग स्कूटरनंच खाल्लं. दार उघडायची वाट तर माहीतच होती तुम्हाले."

मीही तिथंच उभी होती ना? माह्याही टाळक्यात काही शिरलं नाही. सारेच्या सारे एकच शब्द ऐकून राहिलो होतो अन् कोणी कोणाचं ऐकत नव्हतं.

सुमंत भांडला नाही. त्याचे कान लाल झाले, तेवढंच. म्हणे, "काका, महिनाअखेर आम्ही जातो." मनोहररावांना वाटलं, पाहा, चोर सुटायले पाहून राहिला. जिजाबाई आत गेली, अन् त्या दिवसापासून त्या घरातलं हसू गेलं.

जायच्या दिवशी फाटकात टेम्पो लागला. ऊन असं की भिंतीले हात लावला तर चटका. सुमंतनं सामान चढवलं. मनोहरराव खुर्ची टाकून बसले होते, आपली वस्तू तर जात नाही ना, पाहत. जिजाबाईनं आत ताट केलं. पोरगी घरून निघाली, तिले असं तसं कसं जाऊ देणार? पाटावर बसवलं, कुंकू लावलं, निरांजन लावलं. दोघींच्याही डोळ्याले धार. जिजाबाई म्हणे, "पंखा वाढव वं आधी."

मधुवंती उठली, डोळे पुसत पुसत गेली, अन् रेग्युलेटर धरून पंखा पाचवर केला.

निरांजन भप्पकन गेलं.

"माय वं!" जिजाबाई म्हणे. "अवं, मी वाढव म्हटलं ना!"

"वाढवलाच ना, काकू."

जिजाबाई ताट हातात धरून तशीच उभी. मी एकीच्या तोंडाकडं पाहीन, दुसरीच्या तोंडाकडं पाहीन. मंग माह्या टाळक्यात शिरलं. "मधू," मी म्हटलं, "गाडीतला फ्रीज तू कसा वाढवत होतीस?"

"तसाच. दुपारी रस गोठू नये म्हणून कमी करायची, संध्याकाळी बटण फिरवून पुन्हा पाचवर. मला वाटायचं, रात्रभर गार करून ठेवतात इकडं, उन्हाळा एवढा आहे म्हणून."

मनोहरराव दारात आले होते. त्यांनी सारं ऐकलं. तसेच गाडीकडं गेले, आत शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांचं तोंड पांढरंफटक. म्हणे, "पाचवरच आहे." मंग म्हणे, "सुमंत, सामान उतरव. चुकलं माहं."

मले तर आनंदच झाला. जिजाबाईनं पोरीचा हात धरला. वाटलं, मिटलं बाप्पा एकदाचं.

पण मधुवंतीनं हात सोडवून घेतला, हळूच. म्हणे, "काका, आज पंखा वाढवला म्हणून मी चोर नाही. वाढवला नसता तर?"

चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात, इथं तर चोरही नव्हता. सुमंत म्हणे, "चल मधू, मनीषनगरात खोलीची चावी घ्यायची आहे." दोघं मनोहररावांच्या पाया पडले, तेही नीट वाकून. ते मले जास्त लागलं.

मंग जिजाबाईनं काय करावं? चपला घातल्या. गुडघ्याले हात लावत लावत टेम्पोपर्यंत गेली अन् ड्रायव्हरले म्हणे, "हात दे गा भाऊ." समोर बसली मधुवंतीच्या बाजूले. "हिची भांडी लावून देऊन येते," मले म्हणे. मले! नवऱ्याकडं पाहिलंही नाही. टेम्पो गेला.

मनोहरराव फाटकाशी उभेच्या उभे. दुपार तशीच गेली, ना जेवण, ना झोप. मध्ये मी पाणी दिलं तर न पाहता पिऊन टाकलं, वास नाही घेतला. म्हणे, "वच्छलाबाई, येईल ना वो ती?" मले त्यांची कीव आली, खोटं काय सांगू. म्हटलं, "आली की तिची माफी मागा. सरळ." तं म्हणे, "मागतो. पोरीच्याही घरी जातो, उद्याच." अन् ओठातल्या ओठात पुटपुटत बसले, शाळेतलं पोरगं कविता पाठ करते तसे. मी भिंतीपल्याड भाजी निवडत होती. देवा, म्हटलं, इतकं तरी यांच्या तोंडून निघू दे.

दिवेलागणीले ऑटो आला. जिजाबाई उतरली. थकली होती, पण तोंडावर जरा उजेड होता. मनोहरराव लगबगीनं समोर गेले, ऑटोवाल्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, तोंड उघडलं.

"इतका वेळ कुठं होतीस?"

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांचाही चेहरा असा झाला, की निघालेला शब्द धरता आला असता तर त्यांनी धरला असता. जिजाबाईनं ऑटोचे पैसे दिले, पदर नीट केला.

"उद्याही जाईन," म्हणे, अन् चपला काढून आत गेली.