शांतामावशींच्या दुधात पाणी नव्हतं

आज सकाळी डेअरीवर झालेली चूक ग्रुपवर सांगतोय. बोललो सगळ्यांसमोर, तर कबूलही सगळ्यांसमोरच केलं पाहिजे.

आपल्याकडं फॅट बघायची दोन मशीन आहेत, एक गाईच्या दुधाला, एक म्हशीच्या. दोन्हींच्या वायरी एकाच कॉम्प्युटरला जातात. आज पहिल्याच शांतामावशी; शेजारच्या मशीनवर त्याच वेळी एकाचं गाईचं दूध लावलेलं. त्यांच्या म्हशीच्या दुधाला स्क्रीनवर साडेतीन फॅट आलं, एरवी म्हशीचं सहा-सात असतं. मी अख्ख्या लाइनीसमोर म्हणालो, "मावशी, आज पाणी लई झालंय."

"भाऊ, मी माझ्या हातानं काढलंय. पाणी न्हाई घातलं," एवढं बोलून त्या रिकामी किटली घेऊन गेल्या.

मग एका गाईच्या दुधाला सात आलं, जे एरवी चारच्या आसपास असतं, तेव्हा मी चपापलो.

काल टेबल पुसताना मी दोन्ही वायरी काढून परत लावल्या होत्या. मशीन सारखीच, त्यांना स्वतःचा वेगळा नंबर नाही. कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे मशीनशी बोलणारा प्रोग्राम, त्यांना ओळखतो ते वायर कुठल्या भोकात आहे त्यावरून. माझ्याकडून अदलाबदल झाली आणि त्यानं गाईचं मशीन म्हशीचं धरलं.

हे सापडायला अर्धा तास गेला. तोवर निम्मी लाइन दूध घालून घरी गेली होती. त्यांनी फक्त पाण्याचंच ऐकलं.

दुपारी मावशींकडं जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला.

सकाळचं माझं बोलणं तुमच्यापैकी कुणी घरी सांगितलं असेल, तर आता हेही सांगाल का?