चितारदरा आणि रखमाचा तांब्या

रखमा गेल्याचं मला तिच्या सुनेनं सांगितलं, तेही पाच दिवसांनी. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी नेहमीप्रमाणे आठवड्याच्या गोळ्या डबीच्या खणांत भरत होते. दारात शांता उभी होती, डोक्यावर पदर, हातात स्टीलचा तांब्या, त्यावर वाटी झाकलेली. "आत्याबाई गेल्या, ताई. सोमवारी." सासूला ती आत्याबाई म्हणे. मी विचारलं, काय झालं होतं? "काय न्हाई. वय झालतं." मी गुरुवारच्या खणात गोळी टाकली, शुक्रवारच्या खणात टाकली, मग लक्षात आलं की शांता अजून उभीच आहे. "ह्यो तुमाला द्यायला सांगितलता. भरून दे म्हनल्या." तांब्या पाण्यानं काठोकाठ भरलेला होता. ओट्यावर तो ठेवून ती चहा न घेता गेली. याला सहा आठवडे झाले. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही... ते का, हे मला नीट सांगता येत नाही, म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहिते आहे.

इरा, नील, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मागच्या वर्षी शाळेच्या प्रकल्पासाठी इरानं फोनवर विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडे गुहेतली जुनी चित्रं आहेत का?" आणि मी नाही म्हणाले होते. ते खरंही होतं आणि खोटंही.

लग्न होऊन केज तालुक्यातल्या या गावी आले तेव्हा मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली होते आणि इथे त्याचा काहीएक उपयोग नव्हता. पुढे गावात दूध संस्था निघाली. सभेचं इतिवृत्त सुवाच्य अक्षरात लिहिणारं कुणीतरी हवं, म्हणून मला सचिव केलं. ज्या साली मांजरा नदी कोरडी पडली त्या साली संस्थेनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली आणि उसाचे वाढे, म्हणजे वरचे हिरवे शेंडे, तोडायला पारध्यांच्या पालावरच्या चार-पाच बाया येऊ लागल्या. त्यांत रखमा होती. उंच, हाडकुळी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघणारी. टँकर दोन दिवसांआड येई. एकदा पाहिलं, तर टँकरचं मिळालेलं पाणी गोडेतेलाच्या डब्यात घेऊन ही घराकडे नाही, डोंगराकडे निघालेली. मी हटकलं. "एवढ्या टंचाईत पाणी कुठे नेतेस?" म्हणाली, "आमच्या मान्सायला. येता का बघाया? पर चपला काढाव्या लागतेन, काटे लई हायेत."

मी गेले. चितारदरा नाव मी ऐकून होते, पण ते नाव का पडलं हे गावात कुणी सांगितलं नव्हतं. ओढ्याच्या वर एक पुढे आलेला कातळ, त्याखाली चार माणसं बसतील एवढी सावली. आतली भिंत कोरडी, करडी, काही दिसेना. रखमानं ओंजळीनं पाणी मारलं आणि दगडातून गेरूच्या रंगाची माणसं वर आली. तळहाताएवढी, हातात हात धरून एका रांगेत. त्यांच्या पलीकडे मान मागे वळवलेलं हरीण. सगळ्यांत खाली एक पोटुशी बाई. चित्रं किती जुनी, ते मला सांगता येत नाही, तेव्हाही आलं नाही. मी वही काढायला गेले तर ती म्हणाली, "लिव्हता काय ताई, बघा की. वाळंस्तवर बघा." दगड पाणी पीत गेला आणि माणसं एकेक करून परत आत गेली. डब्याच्या तळाशी तिनं एक घोट राखला होता. "आदी त्ये पेतेत, मंग आपुन." अर्धा ती प्यायली, अर्धा मला दिला. पाण्याला तेलाचा वास होता.

त्या वर्षी वार्षिक सभेत सभासदांना नाव कोरलेले तांबे भेट मिळाले. रखमाकडे म्हैस नव्हती, म्हणून ती सभासद नव्हती. माझा तांब्या मी तिला दिला. "ह्यच्यावर तुमचं नाव हाय." "असू दे. पाणी काय नाव वाचून येतं?" "तुमच्या गावात येतंय," ती म्हणाली. "टँकरवर तर आदी नावच वाचतेत." आम्ही दोघी हसलो. मग दर उन्हाळ्यात, मिरगाच्या आधी, आम्ही वर जात असू. बाकी वर्षभर आमचं फारसं बोलणं होत नसे. मैत्री म्हणावी का, हे मी ठरवलेलं नाही.

दुसऱ्या दुष्काळी वर्षी ओढ्यावर पाझर तलावाचं काम निघालं आणि दगड जवळ पडतो म्हणून मुकादमानं चितारदऱ्याच्या कातळावर सुरुंगासाठी चुन्याच्या खुणा केल्या. रखमा पळत माझ्याकडे आली. मी अर्ज लिहायला बसले. 'प्राचीन चित्रे' असं लिहिलं आणि खोडलं. चित्रांसाठी कोण काम थांबवणार होतं? मी संस्थेच्या सभेत ठराव मांडला आणि त्यात लिहिलं, 'सदर कातळ हे देवीचे प्राचीन स्थान असून त्यास हात लावू नये.' रखमाला वाचून दाखवलं. "देवी न्हाई ती, ताई. आमची मान्सं हायेत." मी म्हणाले, "मला माहीत आहे गं. पण असं लिहिलं की कुणी हात लावणार नाही." मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं, हेही लिहून ठेवते. सुरुंग लागले नाहीत. तलावाचा दगड दुसरीकडून आला.

पुढच्या साली पाऊस बरा झाला. देवी पावली, असं लोक बोलू लागले, कारण देवी आहे हे आता ठरावातच होतं. मी तेव्हा तुमच्या आईच्या बाळंतपणासाठी तुमच्याकडे आले होते, इरा, तुझ्याच वेळी. चार महिन्यांनी परतले तेव्हा संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणत, स्वतः मला वर घेऊन गेले. पायऱ्या झाल्या होत्या, फरशी, लोखंडी गेट. भिंत तारेच्या ब्रशनं घासून, ॲसिडनं धुऊन, त्यावर केशरी ऑइलपेंटचे दोन हात दिले होते आणि मधोमध मोठ्या डोळ्यांची देवी काढली होती. "कसं काय, ताई?" आबांचा चेहरा अगदी उजळला होता. "लई घान व्हती भिंतीवर, चार दिवस घासली पोरायनं. पेंटाची धा वर्सं ग्यारंटी हाय." मी म्हणाले, "आबा, तिथे चित्रं होती." ते खरोखर गोंधळले. "चित्रं? तुमीच तर देवी लिव्हली की, ताई! सही हाय तुमची." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पायऱ्यांसाठी स्वतः डोक्यावर दगड वाहिले होते त्यांनी. मी घरी येऊन बॅग उघडली आणि कपडे घड्या करून कपाटात ठेवले.

रखमा मला कधीच काही बोलली नाही. त्या उन्हाळ्यात ती नेहमीसारखी बोलवायला आली आणि आम्ही गेलो. तिनं गेटच्या आत जाऊन भिंतीवर पाणी मारलं. ते रंगावर ठरलं नाही, थेंब थेंब होऊन सरळ खाली आलं. पुजारी ओरडला, "ए, न्हाणी हाय का ही? फरशी वली करू नगं." ती तरीही जिथे रांगेतली माणसं होती तिथे, हरणाच्या जागी, खाली पोटुशीच्या जागी पाणी मारत राहिली. जागा तिला पाठ होत्या. मग तळचा घोट... तो ती अर्धा प्यायली, आणि उरलेला, माझ्याकडे बघत, जमिनीवर ओतला. एवढंच. त्यानंतर ती दर वर्षी मला बोलवत राहिली, मी जात राहिले, आणि दर वर्षी माझा घोट ती मातीत ओतत राहिली. मी कधी माफी मागितली नाही. शब्द तयार होते, मी ते दोन भाषांत मांडून पाहिले होते. पण शब्दांनीच ते सगळं झालं होतं. मग माझे गुडघे गेले, आणि शेवटची चार वर्षं ती एकटीच जाई.

आता हा तांब्या ओट्यावर आहे, खिडकीपाशी. माझं नाव अजून वाचता येतं, 'सचिव' हा शब्द घासून गेला आहे. ती मला घोट देऊन गेली असं मला वाटतं, आणि मग वाटतं, आपल्याकडे कुणाचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, एवढंच असेल. शांताला विचारलं, "तुझ्या सासूनं भरून दे म्हणताना आणखी काही सांगितलं होतं का गं?" ती म्हणाली, "न्हाई ताई. कावून?" मी काही नाही म्हणाले.

ते पाणी मी प्यायलेली नाही आणि ओतलेलंही नाही. रोज सकाळी गोळ्या घेऊन झाल्या की वाटी बाजूला करून ठेवते आणि आत बघते. उन्हाळा आहे. काठापासून ते दोन बोटं खाली गेलं आहे आणि जिथपर्यंत होतं तिथे पांढरट रेघ उमटली आहे. वाळंस्तवर बघा, असं ती म्हणाली होती. मी बघते आहे.