रेवतीचे वकीलपत्र

मार्च २००५ : आमच्या वाचनकट्ट्याची ती बैठक. एप्रिल : सुमेधा आमच्या या नोव्हाय गावातून नाहीशी झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस : तिच्या गैरहजेरीत घटस्फोट, आणि मुलीचा ताबा बापाकडे. जबाबदार इसम तीन. पहिला तिचा नवरा नितीन. त्याचे काय करायचे ते न्यायालय पाहील. दुसरे व तिसरे विवेक आणि शर्वरी, ज्यांच्या दिवाणखान्यात आमचा कट्टा भरत असे. त्यांना मला एक प्रश्न विचारायचा आहे. परंतु आपल्या इथल्या मराठी मंडळात सुमेधाचे नाव हल्ली दबक्या आवाजातच निघते आणि नव्या मंडळींनी तिला पाहिलेलेही नाही. म्हणून आधी ती कशी होती ते सांगतो.

सुमेधा कोट काढत नसे. मिशिगनच्या हिवाळ्यात घरात शिरलेला माणूस पहिल्यांदा कोट उतरवतो. ही बूट काढी, चिमुकल्या इराचा कोट काढून खुंटीला लावी, आणि स्वतः मात्र कोटासकट खिडकीजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसे. तिला गाडी चालवता येत नव्हती. "नितीन म्हणतो, बर्फ संपलं की शिकवतो," असे ती दर हिवाळ्यात सांगे. तो मायलेकींना दारात सोडी, न्यायला येई. आत कधी येत नसे. बाहेर हॉर्न एकदाच वाजे आणि सुमेधा वाक्य अर्ध्यावर टाकून उठे.

"अगं, चहा तरी संपव," शर्वरी म्हणे.

"पुढच्या वेळी दोन पिईन यार. आता बास."

नागपूरला ती महाविद्यालयात शिकवत असे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरीची परवानगी नाही. एकदा मी तिला विचारले, एवढ्या कादंबऱ्या वाचून करतेस काय? ती म्हणाली, "पात्रांना व्हिसा लागत नाही, काका. त्यांच्याबरोबर कुठंही जाता येतं." मी सातारच्या कोर्टात उभी हयात वकिली केलेला माणूस. इथे मुलाकडे राहायला आल्यापासून माझ्याशी बरोबरीने भांडणारी तेवढी एकच होती. "काका, तुम्ही आधी निकाल देता आणि मग पुस्तक वाचता," हे तिने मला सर्वांसमक्ष सुनावले होते, आणि ते खरे होते.

आता कट्ट्याचा रिवाज. निम्म्यांनी पुस्तक वाचलेलेच नसे. तेव्हा चर्चेत रंग भरावा म्हणून एकेकाने एकेका पात्राचे वकीलपत्र घ्यायचे आणि त्या पात्राच्या तोंडाने बोलायचे. नियम विवेकचा. "'तिला वाटलं' असं म्हणायचं नाही. 'मला वाटलं' म्हणायचं. नाहीतर ते पुस्तक परीक्षण होतं, बॉस," हे त्याचे शब्द मी स्वतः ऐकलेले आहेत.

त्या मार्चमध्ये पुण्याहून नव्यानेच आलेली एक कादंबरी चर्चेला होती. नायिका रेवती, संसार आहे, मुलगी आहे, मन मात्र एका मित्रावर बसलेले. ती घर सोडत नाही आणि मनही आवरत नाही. विवेकने नवऱ्याचे वकीलपत्र घेतले. "मी काय कमी केलं तुला? डिशवॉशरसुद्धा घेऊन दिला!" सगळे हसले. सुमेधाने रेवतीचे घेतले. ती उठून उभी राहिली आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, तिने कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"घर दिलंत, मान्य. त्यात माझी बसायची जागा कुठली, ते दाखवा. हो, माझं मन दुसऱ्यावर आहे. मी या घरात राहते ती फक्त माझ्या मुलीसाठी."

शर्वरी म्हणाली, "बाई गं! हे पुस्तकात आहे?"

"उघडून बघ ना," सुमेधा हसत म्हणाली. मग तिचे हसू थांबले. हॉर्न वाजला नव्हता. नितीन दारात उभा होता, पायांत बूट तसेच. त्यांवरचे बर्फ गालिच्यावर वितळत होते.

"अहो, ही पात्रांची चर्चा चालली आहे," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"इराचा कोट कुठंय?" एवढेच तो बोलला.

त्यानंतर ती कट्ट्यावर आली नाही. एप्रिलच्या शेवटी मी तिचे पुस्तक परत करायला त्यांच्या अपार्टमेंटवर गेलो. नितीनने दार अर्धे उघडले.

"ती इंडियात राहिलीये, काका. आईला बरं नाहीये."

त्याच्या मागे खुंटीवर तिचा कोट लटकत होता. परत न येण्यासाठी निघालेली बाई कोट मागे ठेवत नाही. टीव्हीसमोर बसलेल्या इराने मान वळवली आणि मला विचारले, "इज आई विथ यू?"

मी नागपूरला फोन लावला. तो आजारी म्हटलेल्या आईनेच उचलला. "मला काय धाड भरलीये!" त्या म्हणाल्या आणि रडू लागल्या. मग सुमेधा फोनवर आली. "दोन आठवड्यांसाठी म्हणून आम्ही तिघं इथं आलो. व्हिसाच्या स्टॅम्पिंगला देतो म्हणून नितीनने पासपोर्ट घेतला, काका. माझा पासपोर्ट आणि माझी मुलगी, दोन्ही घेऊन गेला."

पुढे इथल्या न्यायालयात नितीनतर्फे प्रतिज्ञापत्र दाखल झाले. त्यावर विवेक आणि शर्वरी यांच्या सह्या आहेत. 'आपले मन दुसऱ्यावर असून आपण केवळ मुलीसाठी या घरात राहतो, असे सदर महिलेने आमच्यासमक्ष सांगितले.' त्यात रेवती नाही. कादंबरी नाही. नियमही नाही. वकील अशिलाच्या वतीने जे बोलतो तो त्याचा स्वतःचा कबुलीजबाब होत नाही, हे कोर्टाची पायरी न चढलेल्या माणसालाही कळते.

मी पत्रे लिहिली. विवेकने एका पत्राला उत्तर दिले : "काका, आम्हाला या मॅटरमध्ये पडायचं नाही." सही करून झाल्यावर हे त्याला सुचले.

सुमेधा फोनवर क्वचितच रडते. गेल्या महिन्यात मात्र तिने विचारले, "काका, रेवतीच्या वतीने मी बोलायला नको होतं का?" मी म्हणालो, "पोरी, तुझ्या अशिलाची बाजू तू उत्तम मांडलीस."

मुलीच्या ताब्याचा प्रश्न या हिवाळ्यात न्यायालय पुन्हा ऐकणार आहे. माझा जबाब दाखल आहे. पण कट्ट्यावरचे बाकी कोणी पुढे आलेले नाही. दोघांच्या सह्यांसमोर एका म्हाताऱ्याचा शब्द. इरा आता आईशी फोनवर इंग्रजीतच बोलते, आणि फोन नितीनच्या हातात असतो.

म्हणून आपल्या मंडळाच्या या अंकातून, सर्वांसमक्ष विचारतो. गणेशोत्सवाच्या सभेत उभे राहून उत्तर द्या : त्या दिवशी सुमेधा कोणाच्या वतीने बोलत होती? विवेक, शर्वरी, 'मला' म्हणून बोलायचे हा नियम तुमचाच. आता एकदा स्वतःच्या वतीने बोला.