जिन्यासाठी टॉर्च

गल्लीतल्या सगळ्यांच्या मावशी. त्यांनी तीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात माल तपासला होता. गेल्या महिन्यात संध्याकाळी वीज गेली, घरातली टॉर्च ऐन वेळी लागलीच नाही आणि त्यांचे यजमान जिन्यावरून घसरले. उजवं मनगट मोडलं. आता टॉर्च पारखूनच घ्यायची, असं मावशींनी ठरवलं.

दुकानदाराने सगळ्यात झगझगीत टॉर्च पुढे केली. "मावशी, हिचा उजेड मैलभर जातो!"

"मला अकरा पायऱ्या दिसल्या की झालं. सेल कुठले लागतात?"

"सेल नाहीत. चार्ज करायची."

"आणि दोन दिवस वीज आली नाही तर कशावर चार्ज करू, तुमच्या बोलण्यावर?"

दुकानदार हसला. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी साध्या सेलच्या पाच टॉर्च मागितल्या आणि डोळे मिटून, डाव्या हाताने प्रत्येकीचं बटण दाबून पाहिलं. दोन बटणं घट्ट निघाली. उरलेल्या तिन्ही त्यांनी चालू करून कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर सोडल्या.

"अहो, फुटतील ना!"

"फुटल्या तर भरून देईन. पण इथेच फुटू देत."

एक विझली, एक मिणमिणायला लागली. तिसरीला काही झालं नाही. तीच मावशींनी घेतली आणि जिन्याच्या तोंडाशी खिळ्याला टांगली.

आठवड्याने पुन्हा वीज गेली, तेव्हा मावशी शेजारी होत्या. धापा टाकत त्या घरी पोचल्या, तर यजमान एकेक पायरी उजळत सावकाश खाली येत होते.

"धावलीस कशाला?" ते म्हणाले. "अंधारात पडली असतीस!"