काढू का?

सुकेशनीशी बोलताना ऑफिसातली माणसं आधी दाराकडे बघून घ्यायची. रागाने ती तांबडी वगैरे व्हायची नाही, शांतपणे समोरच्याची सालटी काढायची. परभणीतल्या एका छोट्या कंपनीत ती नोकरीला होती. फोनात लिहायची वही, 'टिपण' नावाची, ती कंपनी बनवत असे आणि त्या वहीत काय कुठे दिसावं हे ठरवणं हे सुकेशनीचं काम. काम चोख, तोंड त्याहून चोख, म्हणून तिला कुणी काढलं नाही आणि कुणी चहालाही बोलावलं नाही.

हा राग घरचाच होता. तिचे वडील सूर्यभान तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झाले आणि ताडकळसला एकटेच राहायला लागले. 'माझं चुकलं' हे दोन शब्द या माणसाने जन्मात उच्चारले नव्हते. चष्मा हरवला तर शेजाऱ्याने नेला, भात करपला तर तांदूळ खोटा. बापलेकीचं फोनवर दुसऱ्याच वाक्याला वाजायचं आणि तिसऱ्याला फोन बंद व्हायचा.

एका विषयावर मात्र दोघं भांडत नसत, तो म्हणजे सुलाबाई. सूर्यभानची थोरली बहीण. जयंतीला ढोलकीपुढे उभी राहून ती स्वतः जुळवलेली गाणी म्हणायची. लिहिता येत नव्हतं, त्यामुळे गाणी कागदावर कधी उतरलीच नाहीत. गेल्या साली ती वारली आणि तिची गाणी उरली ती फक्त भावाच्या डोक्यात. ते डोकंही आता दगा द्यायला लागलं होतं. मीठ आणायला बाजारात गेलेले सूर्यभान काडेपेटी घेऊन परत यायचे.

म्हणून सुकेशनीने त्यांच्या फोनात 'टिपण' बसवून दिलं. "आठवतंय तवर लिवा," एवढंच म्हणाली. म्हाताऱ्याने पावसाळाभर एका बोटाने गाणी लिहिली, एका पानावर एक, सगळी 'सुलाबाई' नावाच्या कप्प्यात.

त्याच दिवसांत ऑफिसात तक्रारींचा ढीग साचला होता. वहीच्या डाव्या कडेला फायलींची पट्टी उघडते, तिच्यात कुणालाच काही सापडत नव्हतं. नावं निम्म्यात तुटायची, त्यामुळे सहावीचं गणित आणि सहावीचा भूगोल दोन्ही नुसते 'सहावी' दिसायचे. कोणतं पान कशाच्या पोटात आहे तेही कळायचं नाही. ही पट्टी सुकेशनीने मुळापासून नवी केली. नावं दोन ओळींत का होईना, पुरी दिसली. आतली पानं थोडी आत सरकली. उघड्या पानाला जाड रेघ आली, आणि रिकामा कप्पा फिकट दिसू लागला, म्हणजे उघडून बघायचीही गरज नाही. कप्प्यांना तिने नाव दिलं 'बस्ता'. वडिलांच्या रेकॉर्ड रूममध्ये कापडात बांधलेल्या फायलींच्या गठ्ठ्याला तेच म्हणत.

कंपनीचा मालक शंतनु. पुण्याला शिकून आलेला, आणि ते विसरू न देणारा. त्याच्या आणि सुकेशनीच्या मध्ये विस्तव जात नव्हता.

"बस्ता? लोकांना लग्नाची खरेदी वाटेल," तो म्हणाला.

"ज्याला वाटायची त्याला वाटू द्या."

"आणि हे काय? 'पुसा'?"

पानाच्या नावावर बोट दाबून धरलं की तीन शब्द पुढे येत. नाव बदला, हलवा, आणि शेवटचा, पान कायमचं घालवण्याचा, 'पुसा'.

"गावठी वाटतं हे. फरशी पुसायची आहे का? 'काढून टाका' लिही."

"तेवढ्यात बसत न्हाई."

"मग नुसतं 'काढा' लिही."

"आमच्याकडं मास्तर 'वह्या काढा' म्हनले की पोरं वह्या उघडतेत," सुकेशनी म्हणाली. "कचेरीत 'फाईल काढा' म्हनलं की फाईल टेबलावर येती. अन् तुमी त्याच शब्दानं ती घालवायलाव."

"तुझ्याशी प्रत्येक अक्षरावर भांडायला मला वेळ नाही. बस्ता ठेवतो, 'पुसा' सोड. दोन्ही मिळणार नाही."

बस्ता हा तिच्या घरातला शब्द. तो हजारो लोकांच्या फोनात बसणार या आनंदात तिने पड खाल्ली. आयुष्यात एकदाच खाल्ली, आणि नको तिथे खाल्ली.

संक्रांत उलटल्यावर ती ताडकळसला गेली. सुलाबाईचा पहिला स्मृतिदिन जवळ आला होता, विहारात पोरी तिची गाणी म्हणणार होत्या आणि सुकेशनीला ती छापून न्यायची होती. आल्या आल्या तिने वडिलांचा फोन मागितला. पट्टी उघडली. 'सुलाबाई' नावाचा बस्ता फिकट दिसत होता.

"लिवायचं सोडलं व्हय?" तिने तोंड सोडलं. "आत्यानं तुमाला सांभाळलं, अन् तुमाला तिची चार गानी लिवायचा कंटाळा आला?"

"तुला काय करायचंय? ठिव तो फोन."

"लाज वाटायला पायजे, बाबा."

सूर्यभान उसळतील, शेजाऱ्यांवर ढकलतील, असं तिला वाटलं. ते भिंतीकडे बघत बसले.

"लिवली व्हती समदी," ते म्हणाले. "माझ्याच हातानं गेली. डोकं ऱ्हायलं न्हाई आता माझं. चूक माझीच हाय."

हे वाक्य ऐकायला ती जन्मभर थांबली होती. आता ऐकलं, तर तो आवाज तिच्या बापाचा वाटेना.

"काय केलंत ते दावा."

तिने एक कोरं पान तयार करून दिलं. सूर्यभानांनी नावावर बोट दाबून धरलं आणि शेवटच्या शब्दावर आणलं.

"रेकॉर्ड रूमला काय करायचो? बस्ता सोडायचा, फाईल काढायची, टेबलावर मांडायची. दिवाळीत म्हनलं, गानी काढावी, मांडावी, कोनतं आधी म्हनायचं ते लावून ठिवावं. फोननं विचारलं बी, 'काढू का?' म्हनलं व्हय, काढ की, त्यात विचारतोस काय! एकेक करून समदी काढली. अन् मंग टेबलच घावंना."

घालवलेली पानं 'टिपण'च्या कचरापेटीत महिनाभर राहत. दिवाळी कधीच सरली होती.

"तवाच का न्हाई सांगितलं मला?" ती किंचाळली. "तवा मिळाली असती!"

"काय सांगू? बाप येडा झाला म्हनून सांगू?"

सुकेशनीने फोन उचलला. शंतनुला अशा शिव्या घालायच्या की त्याने मराठी बोलणंच सोडावं. नंबर लावला आणि रिंग जायच्या आत तिनेच तोडला. शब्द त्याचा होता खरा. पण त्या शब्दाने काय होईल हे त्याला ठाऊक नव्हतं, तिला होतं. ठाऊक असून तिने तो एका बस्त्यापायी सोडला होता. तिला स्वतःची किळस आली.

"तुमी बरोबर केलं, बाबा," ती म्हणाली. "फाईल अशीच काढतेत. तो शब्द चुकीचा हाय. त्या जागी दुसरा शब्द व्हता, मी तो जाऊ दिला. चूक माझी हाय."

सूर्यभानांची मान ताठ झाली.

"तुझी? म्हंजे मी दिवाळीपासून सोताला येडा समजायलोय, अन् चूक तुझी? एवढी शिकलीस अन् तुला 'काढा' म्हंजे काय ते कळंना?" आवाज चढत गेला, गल्लीतली माणसं थबकून दारात डोकवायला लागली. "बापाला येड्यात काढलंस की गं! अन् काढलंस ते बी 'काढा' म्हनून!"

एरवी पहिल्या शब्दाला तिने दोन परतवले असते. आज ती खाली मान घालून बसली आणि त्यांना पोटभर ओरडू दिलं. बाप परत आला होता, तेवढं तरी परत आलं.

ओरडून ओरडून ते दमले, पाणी प्यायले, आणि रेकॉर्ड रूममध्ये शिपायाला सांगावं तसं म्हणाले, "बसलीस काय? काढ फाईल."

तिने नवं पान उघडलं. सूर्यभानांनी मांडीवर हाताने ठेका धरला आणि सुलाबाईचं जयंतीचं गाणं सुरू केलं. धृपद आलं, पहिलं कडवं आलं. दुसऱ्या कडव्याला ठेका चालू राहिला, शब्द येईनात. सुकेशनी बोट उचलून थांबली होती.

"लिव," ते तिच्यावर खेकसले. "येईल."