पिनरच्या मालकांनी नाकारलेले स्टोव्ह

जगातल्या प्रत्येक वस्तूत खोट असतेच, ती शोधायला फक्त आमचे पिनरचे घरमालक लागतात. मी कराडहून लंडनला नोकरीला आलो तेव्हा पिनर या तिथल्या उपनगरातल्या त्यांच्या घरातली वरची खोली मला भाड्याने मिळाली. मालक, म्हणजे काका, आयुष्यभर लोकांच्या बांधकामांची तपासणी करून रिटायर झालेले. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या भिंतीतल्या चुका काढल्यावर माणसाची नजर कायमची तशीच होते. कुणाच्या बारशाला गेले तरी पाळण्याआधी छताकडे बघायचे. "ओल आहे," म्हणायचे. मग बाळाकडे बघून, "छान आहे."

त्या वर्षी त्यांना हॉलमध्ये लाकडं जाळायचा लोखंडी स्टोव्ह बसवायचा होता. घरात रेडिएटर होते, पण काकू आजऱ्याच्या, चुलीपुढे वाढलेल्या. हिवाळ्यात त्यांची बोटं आखडायची. "रेडिएटरची ऊब म्हणजे हॉस्पिटलची खिचडी," त्या म्हणायच्या. "पोट भरतं, पण जेवल्यासारखं वाटत नाही." मागचे दोन हिवाळे त्यांनी माहेरी काढले, आणि काकांनी इथे टोस्टवर काढले म्हणे. यंदा काकूंनी सप्टेंबरातच सांगून टाकलं, "दिवाळीपर्यंत स्टोव्ह पेटला तर राहते. नाहीतर मी चालले आजऱ्याला, होळी करूनच येईन." काका म्हणाले, "दिवाळीला अजून खूप वेळ आहे." मी तिथेच कॅलेंडर काढून दिवाळीपर्यंतचे शनिवार मोजले.

मग दर शनिवारी काका टाय लावून, खिशात मापाची टेप टाकून, माझ्या हातात वही देऊन, उपवर मुलाच्या बापासारखे स्टोव्ह बघायला निघायचे. एकाची काच फार मोठी. "जाळ बघायचाय, सिनेमा नाही." एकाची कडी डावीकडे. एक फारच तापट. "आपला हॉल केवढा, हा केवढा. सोफ्यावरचे पाहुणे भाजून निघतील." एक नॉर्वेचा होता, दिसायला देखणा, मी तर मनातून होकार देऊन मोकळा झालो होतो. काकांनी त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. "नॉर्वेची थंडी कोरडी रे. आपली पिनरची ओली. त्याला इथलं मानवायचं नाही." रीडिंगजवळच्या एका दुकानात तर त्यांनी पिशवीतून काकूंचा भाकरीचा तवा काढला, स्टोव्हवर ठेवला आणि गुडघे टेकून तो डुगडुगतो का ते बघत बसले. सेल्समन म्हणजे बिचारा कोवळा गोरा पोरगा. "सर, इज दॅट अ स्पेअर पार्ट?" त्याने विचारलं. "नो," काका म्हणाले, "दॅट इज माय वाइफ्स." पोरगा तव्यापासून दोन पावलं मागे सरकला. तवा डुगडुगला नाही, पण काकांना स्टोव्हचे पाय आवडले नाहीत.

मी ही सगळी नक्कल इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला करून दाखवली. टाय, टेप, प्रदक्षिणा, गुडघे, सगळं. हॉल हसून लोळत होता, आणि काका पहिल्याच रांगेत. संपल्यावर ते उठून माझ्याकडे आले. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. "आवाज बरा काढलास," ते म्हणाले. "पण टेप मी उजव्या हाताने ओढतो. तू डाव्या हाताने ओढलीस. माप चुकेल." काकू दुधाचा कप दोन्ही हातांत धरून बोटं शेकत होत्या. "बघा," त्या म्हणाल्या, "त्याचं पाठ झालं तरी तुमचं ठरेना."

लक्ष्मीपूजनाला घरात फराळाच्या ताटांपेक्षा स्टोव्हची ब्रोशर्स जास्त होती. भाऊबीज झाली आणि काकूंनी माळ्यावरची बॅग उतरवली. भांडण नाही, धुसफूस नाही. "निवांत बघा तुम्ही," एवढंच म्हणाल्या. "घाई नको." त्यांना हीथ्रो विमानतळावर सोडून आम्ही परत निघालो. पुढच्या गाडीचा इंडिकेटर चालत नव्हता, तरी काकांनी खोट काढली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी ते मला न घेताच गेले आणि जेवायच्या वेळेला स्टोव्ह ठरवून आले. "कसा आहे?" मी विचारलं. "आहे," म्हणाले. बसवायला आलेल्या माणसाने खालची फरशी जरा तिरकी लावली. मला दिसली म्हणजे त्यांना दिसलीच असणार. त्यांनी त्याला चहा करून दिला, वर बिस्किटं दिली.

डिसेंबरातल्या एका दुपारी पहिला जाळ केला. खरं सांगायचं तर काय ऊब होती. मी खुर्ची ओढून, मोजे काढून, पाय पसरून बसलो. काकांनी आजऱ्याला फोन लावला. "ऐक हं," म्हणाले, आणि स्टोव्हचं दार किलकिलं करून रिसीव्हर तिकडे धरला. आत लाकूड तडतडत होतं. जरा वेळाने त्यांनी तो कानाला लावला. काकूंचा आवाज कुठल्याही फोनमधून खोलीभर ऐकू यायचा.

"आलं हो ऐकू. छान पेटलाय. कोण कोण बसलंय शेकत?"

काका जाळाकडे बघत राहिले.

"कोणी नाही गं," म्हणाले. "एकटाच आहे."

एरवी मी "मग मी कोण?" म्हणालो असतो. पण मी पाय जवळ घेतले आणि मोजे चढवले.